एका वेटोळ्याची दोन लेकरे

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघून मंचर गाठले, म्हणजे डाव्या हाताला घोडेगाव-भीमाशंकरचा फाटा फुटतो. त्या फाट्याने गेले असता आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरणाचा जलाशय लागतो. फाटा न घेता सरळ पुढे गेले असता जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येते, आणि त्याच्या आसपास आर्वी व खोडद ही दोन गावे आहेत. आर्वीला एके काळी सातासमुद्रापलीकडे बोलणारे उपग्रह केंद्र उभे राहिले. खोडदला आकाश ऐकणारी रेडिओ दुर्बीण आहे. आणि डिंभ्याला खोल पाणी आहे. या तीन ठिकाणांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे मला गेल्या उन्हाळ्यापर्यंत कधी वाटले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसमवेत मी त्या बाजूला सहलीस गेलो होतो. परतताना जलाशयाच्या काठी थांबलो. पाणी बरेच ओसरलेले होते आणि काठाचा चिखल वाळून भेगाळला होता. एक वृद्ध कोळी बांधव होडी वल्हवीत काठाला आले. आमच्यातील एक तरुण चाकणच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींचे काम करतो. त्याने सहज विचारले, "बाबा, होडीला विजेची मोटार का बसवून घेत नाही?"

म्हातारबांनी एकवार पाण्याकडे व एकवार काठाकडे पाहिले. म्हणाले, "बसवू की. पर चार्जिंग कुठं लावायचं? आज काठ हितं हाय, पावसाळ्यात पार त्या झाडापाशी जाईल. आन् वल्ल्या हातानं पिन कोण लावील?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. त्यावर आमचा तरुण सांगू लागला, की परदेशात आता पिन लावावी लागत नाही. गाडी नुसती जागेवर उभी केली, होडी नुसती धक्क्याजवळ आणली, की मध्ये तार नसतानाही वीज आत जाते, आणि हे पाण्याखालीसुद्धा करता येते. परतीच्या बसमध्ये यावरून बराच वाद झाला. काहींना ती थाप वाटली, काहींना ते कालपरवाचे आश्चर्य वाटले. मला मात्र सेमिनरीत ऐकलेले एक नाव आठवले. तत्त्वज्ञानाच्या वर्षांत आम्हांला विज्ञानाचा इतिहास शिकविणारे एक वयोवृद्ध फादर होते. ते दरवर्षी न चुकता एका आयरिश धर्मगुरूची गोष्ट सांगत आणि शेवटी म्हणत, की या माणसाचे नाव तुमच्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. खरोखरच ते सापडत नसे.

त्या धर्मगुरूंचे नाव फादर निकोलस कॅलन. आयर्लंडमधील लाउथ परगण्यात १७९९ साली त्यांचा जन्म झाला. मेनूथ येथील सेंट पॅट्रिक्स महाविद्यालय हे आयरिश धर्मगुरू घडविणारे विद्यालय. तेथे शिकून १८२३ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे ते रोमला गेले. शिकावयाचे होते ईश्वरविज्ञान, आणि ते त्यांनी शिकलेही; परंतु इटली ही गॅल्व्हानी व व्होल्टा यांची भूमी. बेडकाच्या पायाला झटका देणारी आणि धातूंच्या चकत्यांतून वाहणारी ही नवी शक्ती त्यांच्या मनात घर करून बसली. १८२६ मध्ये मेनूथला परत येऊन ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि १८६४ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. तळघरातील प्रयोगशाळेत ते तारा गुंडाळीत असत आणि उरलेल्या वेळात संत आल्फोन्सस लिगोरी यांच्या ग्रंथांची इंग्रजीत भाषांतरे करीत असत. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी काहींना यातला पहिला उद्योग म्हणजे निव्वळ कालापव्यय वाटे.

त्यांच्या आधी पाच वर्षे, १८३१ साली, लंडनमध्ये मायकेल फॅरडे याने एक साधा पण युगप्रवर्तक प्रयोग केला होता. लोखंडाच्या एका कड्यावर त्याने तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. दोन्ही वेटोळ्यांचा एकमेकांशी कोठेही स्पर्श नव्हता. एका वेटोळ्यात विजेचा प्रवाह सुरू केला किंवा थांबविला, की त्या क्षणी दुसऱ्यात क्षणभर प्रवाह उमटे. प्रवाह स्थिर वाहत असला, तर दुसरीकडे काहीच होत नसे. म्हणजे वीज स्वतः पलीकडे उडी मारीत नव्हती. पहिल्या वेटोळ्याभोवतीचे चुंबकत्व बदलत होते आणि त्या बदलामुळे दुसऱ्यात वीज जागी होत होती. पाठ्यपुस्तकात याला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात.

कॅलन यांनी १८३६ मध्ये यापुढचे पाऊल टाकले. पहिले वेटोळे त्यांनी जाड तारेचे व थोड्या फेऱ्यांचे केले, दुसरे बारीक तारेचे व पुष्कळ फेऱ्यांचे. मग घड्याळातील यंत्रणेच्या साहाय्याने पहिल्या वेटोळ्यातील प्रवाह ते झपाट्याने जोडीत व तोडीत राहिले. जितके जोडणे-तोडणे जलद, तितका दुसऱ्या वेटोळ्यातील झटका जबर, हे त्यांच्या ध्यानात आले. हेच जगातील पहिले 'इंडक्शन कॉइल'. त्या काळी विजेचा दाब मोजण्याची चांगली साधने नव्हती, म्हणून कॅलन ती माणसांवर मोजीत! विद्यार्थ्यांना हात धरून उभे करावयाचे आणि झटका द्यावयाचा. असे सांगतात, की एकदा विल्यम वॉल्श नावाचा विद्यार्थी त्या झटक्याने बेशुद्ध पडला. तेव्हा वरिष्ठांनी विद्यार्थ्यांवरील प्रयोग थांबवावयास सांगितले आणि फादरांनी त्यांच्या जागी टर्की कोंबड्या आणल्या. हे वॉल्श पुढे डब्लिनचे महागुरुस्वामी झाले. त्यांच्या धर्मप्रांतातील लोकांनी त्या झटक्याबद्दल फादर कॅलन यांचे आभार मानले की नाही, ते कळत नाही.

कॅलन यांची कीर्ती मात्र दुसऱ्याकडे गेली. पॅरिसमधील रुमकॉर्फ नावाच्या कुशल कारागिराने अशीच उपकरणे तयार करून विकली; नेपोलियन तिसऱ्याने त्याला ५०,००० फ्रँकचे पारितोषिक दिले आणि जगाने या वेटोळ्याला रुमकॉर्फचेच नाव दिले. विसाव्या शतकात मेनूथच्याच प्रा. मॅक्लॉक्लिन यांनी जुने लेख व जुनी उपकरणे शोधून काढून कॅलन यांचा अग्रमान सिद्ध केला. ते वेटोळे आजही मेनूथच्या संग्रहालयात आहे.

या वेटोळ्यापासून दोन लेकरे जन्मली, आणि दोघांचे स्वभाव अगदी वेगळे निघाले. एक दूरवर जाणारे, पण अंगात बळ नसलेले. दुसरे बलवान, पण घराचा उंबरठा न ओलांडणारे. बसमधील आमचा वाद मुख्यतः या दोन भावंडांत घोटाळा झाल्यामुळे होता. 'बिनतारी' म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे पहिले लेकरू येते.

त्या पहिल्याची कहाणी आधी सांगतो, कारण ती जुन्नरच्या मातीत येऊन पोचते. हर्ट्झने १८८७ च्या सुमारास रेडिओ लहरी प्रथम निर्माण केल्या, त्या अशाच वेटोळ्याच्या ठिणगीने. मार्कोनीने १८९० च्या दशकात संदेश धाडले, तेही या ठिणगीनेच. पुढे ठिणगीची जागा इतर साधनांनी घेतली, पण घराणे तेच राहिले. १९२७ साली मार्कोनी पद्धतीची भारत-इंग्लंड बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा तिचे पाठविणारे केंद्र पुण्याजवळ खडकीला व ग्रहण करणारे केंद्र दौंडला होते. पुढे १९७१ साली आर्वीला सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी उभी राहिली. हिंदी महासागरावर ३६,००० किलोमीटर उंच असलेल्या उपग्रहामार्फत परदेशांशी बोलणारे व्यापारी उपयोगाचे हे भारतातील पहिले भूकेंद्र. त्याला डॉ. विक्रम साराभाई यांच्यावरून 'विक्रम' हे नाव मिळाले. द्राक्षे व टोमॅटो पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या शिवारातून न्यूयॉर्क-लंडनचे फोन जात होते. मात्र गावातील माणसाला तालुक्याला फोन लावावयाचा तर तासन् तास ताटकळावे लागे. त्या काळी पुण्याबाहेर राहिलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावयास नको.

नंतर खोडद. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रा. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांनी मीटर लांबीच्या रेडिओ लहरी ऐकणारी महाकाय दुर्बीण उभारावयाचे ठरविले आणि तिच्यासाठी हा परिसर निवडला. कारण डोंगरांच्या आडोशामुळे आणि उद्योगधंदे कमी असल्यामुळे येथे रेडिओचा गोंगाट कमी होता. १९९० च्या दशकात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. त्यांतील १४ खोडदजवळ एका चौरस किलोमीटरच्या परिसरात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या आहेत; एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे २५ किलोमीटर. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर बारीक पोलादी जाळी बसविल्यामुळे त्या हलक्या व स्वस्त झाल्या, आणि वारा त्यांतून निघून जातो. २००२ पासून जगभरचे शास्त्रज्ञ ही दुर्बीण वापरीत आहेत.

या दुर्बिणीला किती वीज मिळते? रेडिओ खगोलशास्त्रज्ञ 'जान्स्की' नावाचे एक माप वापरतात. एक जान्स्की तेजाचा तारकास्रोत घेतला, तीसही तबकड्यांनी मिळून त्याची लहर गोळा केली, तर हाती येणारी शक्ती अदमासे एका वॅटचे कोटी गुणिले कोटी भाग केले असता त्यांतील एक भाग भरते. एवढ्या बळावर मुंगीचा पायही हलणार नाही. परंतु त्यात वार्ता असते. लक्षावधी वर्षांपूर्वी निघालेली वार्ता. हे पहिल्या लेकराचे वैशिष्ट्य. लहर एकदा सुटली की पसरत जाते, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होते. तिच्यातून निरोप मिळतो, पण दिवा लागत नाही.

आणि ज्याला इतके हळू ऐकावयाचे आहे, त्याला शेजारचा गोंगाट सोसत नाही. अलीकडच्या वर्षांत पुणे-नाशिक जलद रेल्वेचा प्रश्न यावरूनच अडला. आखलेला मार्ग या दुर्बिणीच्या परिसरातून जात होता. विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे निरीक्षणांत अडथळा येईल, म्हणून रेल्वे खात्याने तो बदलावयाचे ठरविले. जुन्नर, आंबेगाव व खेड तालुक्यांतील लोक पिढ्यान् पिढ्या रेल्वेची वाट पाहत आहेत. त्यांची निराशा समजण्याजोगी आहे, आणि दुर्बिणीचे म्हणणेही खोटे नाही. मी स्वतः या वादात कोणा एकाची बाजू घेण्यास कचरतो. मात्र ज्यांनी जमिनी दिल्या, ज्यांच्या भागात कारखान्यांवर बंधने आली, त्यांचे म्हणणे निदान पुरते ऐकून घ्यावयास हवे होते, असे मला वाटते.

आता दुसरे लेकरू. निकोला टेस्ला याला वाटले, की पहिल्याचे पाय आणि दुसऱ्याचे बाहू एकत्र करता येतील. न्यूयॉर्कजवळ वॉर्डनक्लिफ येथे त्याने १९०१ मध्ये प्रचंड मनोरा बांधावयास घेतला. तारेवाचून साऱ्या जगाला वीज पुरवावयाची, असे त्याचे स्वप्न होते. पैसा संपला, काम थांबले, आणि १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला. पैसा मिळाला असता तरी ते स्वप्न साधले नसते, असेच आज बहुतेक जाणकार मानतात. याउलट फ्रान्समधील ह्यूटँ व लब्लाँ या दोघांनी १८९४ मध्ये अमेरिकेत एक विनम्र पेटंट घेतले होते: जमिनीतील तारेच्या वेटोळ्यातून वर धावणाऱ्या आगगाडीला स्पर्शाविना वीज द्यावयाची. टेस्लाच्या मनोऱ्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत, या दोघांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. पण आजची गाडी चालते ती त्यांच्या वाटेने.

मग मध्ये शंभर वर्षे का गेली? याचे उत्तर कॅलन यांच्या घड्याळात आहे. प्रवाह जितक्या जलद जोडता-तोडता येईल, तितके प्रवर्तन प्रबळ. मोकळ्या हवेत दोन वेटोळी वीतभर अंतरावर ठेवली, मध्ये लोखंडाचे कडे नसले, तर प्रवाहाची दिशा सेकंदाला हजारो वेळा बदलावी लागते. तेवढ्या वेगाने मोठा प्रवाह उलटापालटा करणारी अर्धवाहक साधने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच हाती आली. आज मोटारींसाठी जी वारंवारिता सर्वमान्य झाली आहे, ती ८५ किलोहर्ट्झच्या आसपासची, म्हणजे सेकंदाला सुमारे ८५,००० आवर्तने. मेनूथच्या घड्याळाला हा वेग कोठून यावा!

दुसरी किल्ली म्हणजे अनुनाद. ज्यांनी लहानपणी देवळाची मोठी घंटा वाजविली आहे, त्यांना हे चटकन कळेल. दोर एकदाच जोराने ओढून घंटा हलत नाही. तिच्या लयीत लय मिळवून, ती खाली येताना थोडे, पुन्हा खाली येताना थोडे, असे ओढत राहिले, म्हणजे दहा वर्षांचा पोरगादेखील ती वजनदार घंटा डोलवू शकतो. दोन्ही वेटोळ्यांची लय अशी जुळविली, की मधले अंतर थोडे वाढले किंवा गाडी थोडी वाकडी उभी राहिली तरी वीज पोचते. अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेत २००७ मध्ये याच मार्गाने २ मीटर अंतरावरचा ६० वॅटचा दिवा लावून दाखविला; अर्थात तेवढ्या अंतरात निम्म्याहून अधिक वीज वाया गेली. वीतभर अंतरात मात्र दहातील नऊ भागांच्या आसपास वीज पदरात पडते.

मोटारगाड्यांचा पुढचा इतिहास थोडक्यात आटोपतो. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात जॉन बॉइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या विद्येला व्यवहारी रूप दिले. इटलीत तुरीन शहरी या शतकाच्या आरंभी थांब्यावर उभ्या राहून अशी वीज घेणाऱ्या लहान बसगाड्या धावू लागल्या, आणि २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे रस्त्यातूनच वीज घेत चालणारी बस आली. आपल्या महाराष्ट्रात नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेने तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकबरोबर विजेच्या वाहनांसाठी बिनतारी चार्जर तयार केला आणि २०२५ मध्ये ते तंत्रज्ञान उद्योगाच्या हाती सोपविण्यात आले. एसटीची विजेवरील 'शिवाई' पुणे-नगर मार्गावर १ जून २०२२ रोजी सुरू झाली, ती मात्र जाड तार लावूनच चार्ज होते.

जमिनीवर खरे म्हणजे या साधनाची निकड नाही. तार लावणे हे काही मोठे संकट नव्हे. दोन मिनिटांचा आळस आहे एवढेच. निकड आहे ती पाण्यात. वीज आणि पाणी यांचे हाडवैर आपण लहानपणापासून ऐकतो. पाण्याखाली पिन लावावयाची, तर आधी दोन्ही टोकांतील पाणी हाकलून द्यावे लागते, रबराची बंदिस्ती लागते, आणि खारे पाणी धातूला खात असते ते निराळेच. म्हणून सागरशास्त्रज्ञांची स्वयंचलित पाणयाने काही तास काम करतात आणि मग विद्युतघट भरण्यासाठी जहाजावर ओढून घ्यावी लागतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' नावाचे असे एक छोटे यान बांधून २००६ मध्ये पाण्यात सोडले. त्याची मर्यादाही विद्युतघटाचीच. अमेरिकेतील वुड्स होल येथील संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस समुद्राखाली एक तळ उभारून पाहिला होता. यान स्वतः तेथे येऊन टेकावयाचे आणि स्पर्शाविना वीज घेऊन पुन्हा निघावयाचे. दोन्ही वेटोळी प्लास्टिकात पूर्ण गाडलेली. उघडा धातू कोठेच नाही. पाणी आपले मधून वाहत राहते.

पण येथे दोन भावंडांतील फरक डोळ्यांत भरतो. खोडदची दुर्बीण ज्या लहरी ऐकते, त्यांतील १५० मेगाहर्ट्झची लहर समुद्राच्या पाण्यात शिरली, तर अवघ्या २ सेंटिमीटरमध्ये तिचा जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. ३६,००० किलोमीटर पार करणारे पहिले लेकरू ओंजळभर खाऱ्या पाण्यात बुडून मरते. याउलट ८५ किलोहर्ट्झच्या चुंबकत्वाला तेवढे क्षीण व्हावयास सुमारे ८५ सेंटिमीटर पाणी लागते. दोन वेटोळ्यांतील वीतभर पाणी त्याला फारसे अडवीत नाही. डिंभ्याचे पाणी तर गोडे. सह्याद्रीवरील पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी, की ते समुद्राच्या मानाने शेकडो पटींनी कमी वीज वाहते. तेथे तर ही अडचण जवळजवळ उरतच नाही.

मोठ्या नावांसाठीही हे करून पाहिले गेले आहे. नॉर्वेमधील 'फोल्गेफोन' ही वाहने नेणारी बोट २०१७ मध्ये धक्क्याला न बांधता, तार न लावता, सुमारे अर्ध्या मीटरच्या अंतरावरून एक मेगावॅटहून अधिक वीज घेऊ लागली. तेथील वेटोळी पाण्याच्या वर आहेत, हे सांगावयास हवे. आपल्याकडे मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्रतळाखालून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या केबलमधून. देशाच्या आर्थिक राजधानीच्या समोरच्या बेटाने स्वातंत्र्यानंतर ७० वर्षे वाट पाहिली. दूर जावयाचे तर तार हवीच. स्पर्शाविना जाते ती शेवटची वीत, एवढीच.

आता पुन्हा डिंभ्याच्या काठावर येतो. जुन्नर-आंबेगावचा आणि नौकांचा संबंध नवा नाही. नाणेघाटातून उतरणारा माल सातवाहनांच्या काळी सोपारा-कल्याणच्या बंदरांत जाऊन जहाजांवर चढत असे. परंतु या डोंगराळ प्रदेशात स्वतःच्या होड्या आल्या त्या धरणांमुळे. कुकडी प्रकल्पात घोड नदीवर डिंभे धरण बांधले गेले, आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ आंबेगाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे नाव राहिले, गाव राहिले नाही. उन्हाळ्यात पाणी फार उतरले, म्हणजे जुन्या वास्तूंचे अवशेष वर येतात आणि लोक ते पाहावयास जातात. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. ते याच तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवे होऊन त्यांनी प्राण दिला.

येथील पाणी कालव्यांतून पुणे, नगर व सोलापूर जिल्ह्यांच्या शेतांत जाते. धरणाच्या पायथ्याशी ५ मेगावॅटचे वीजघर आहे. म्हणजे फॅरडे व कॅलन यांची वेटोळी येथे पाण्याच्या लोटाने रात्रंदिवस फिरू शकतात. आणि त्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली, ते वरून वल्ही मारतात. विस्थापितांत मुख्यतः महादेव कोळी आदिवासी होते. त्यांतील पुष्कळांनी गाव सोडले नाही. पाणी वर सरकले तसे तेही डोंगरावर सरकले. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळात पीक घेणे आणि जलाशयात कटला-रोहूची मासेमारी करणे, हे हक्क त्यांनी संघटित होऊन मिळविले. या कामात त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या 'शाश्वत' या संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर पुरस्कार' मिळाला.

अशा जलाशयाला डिझेलचे इंजिन शोभत नाही. हेच पाणी पुढे लोक पितात. विजेची मोटार शोभेल. म्हातारबांची अडचण खरी आहे: काठ वर्षभर एका जागी राहत नाही. पण तरंगता तराफा पाण्याबरोबर वर-खाली जातो. त्यावर सौर पट्ट्या, खाली पाण्यात एक बंद वेटोळे, आणि होडीच्या तळाला दुसरे, अशी योजना आमच्या तरुणाने तेथल्या तेथे काडीने चिखलावर काढून दाखविली. खोडद तेथून फार दूर नाही. चांगले आवरण नसलेल्या विद्युत साधनांचा गोंगाट मूळ वारंवारितेच्या पुष्कळ वर चढतो, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनाही विचारावे लागेल, हे त्याला मी बसमध्ये सांगितले. रेल्वेच्या वेळी जे उशिरा झाले, ते येथे आधी करता येईल.

चिखलातील चित्र म्हातारबांनी लक्षपूर्वक पाहिले. "होडी किती जवळ आणायची?" त्यांनी विचारले. तरुणाने हाताची वीत दाखविली. ते म्हणाले, "तेवढी तर अंधारातबी आणतो." मग त्यांनी किंमत विचारली. मोटार, विद्युतघट आणि दोन वेटोळी मिळून तरुणाने जो आकडा सांगितला, तो ऐकून ते मोठ्याने हसले, आणि आमच्या बायकांनी निवडून ठेवलेले मासे तोलू लागले.